संगणकीय अद्ययावतीकरणाची स्वयंचलित चाचणी आणि मराठी वापरकर्ता : एक चिकित्सक अभ्यास

सारांश : संगणकाची कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आणि वायरलेस राउटरमधील फर्मवेअर यांची नवी आवृत्ती वापरकर्त्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी तिची स्वयंचलित चाचणी घेतली जाते. ‘चाचणी उत्तीर्ण’ हा शेरा गुणवत्तेचे प्रमाणपत्र मानला जातो. प्रस्तुत लेखात या शेऱ्याचा नेमका अर्थ तपासला आहे. चाचणीचा निर्णय यंत्र देत असले तरी त्या निर्णयाचा निकष, म्हणजे ‘अपेक्षित निकाल’, माणूस लिहितो. तो निकष लिहिणाऱ्याच्या भाषेच्या आणि परिस्थितीच्या कक्षेबाहेर जे उरते, ते यंत्रालाही दिसत नाही. जुलै २०२४ मधील जागतिक संगणकबिघाड, देवनागरी लिपीच्या मांडणीतील दोष आणि राउटर-अद्ययावतीकरणाच्या अडचणी या तीन उदाहरणांच्या आधारे हे मत मांडले असून महाविद्यालयांच्या जबाबदारीचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : स्वयंचलित चाचणी, अपेक्षित निकाल, कार्यप्रणाली, फर्मवेअर, देवनागरी, युनिकोड, राउटर.

१. प्रस्तावना

माहिती-तंत्रज्ञानाविषयी महाविद्यालयांतून जी चर्चा होते, ती बहुधा साधनांच्या उपलब्धतेभोवती फिरते. संगणक किती, इंटरनेटचा वेग किती, प्रयोगशाळा कोणत्या वर्षी सुसज्ज झाली, हे प्रश्न मूल्यांकनाच्या तक्त्यांत हमखास येतात. ही साधने आतून सतत बदलत असतात, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. आज विकत घेतलेला संगणक वर्षभरानंतर बाहेरून तोच दिसतो. त्याच्या आतील कार्यप्रणाली दरम्यान अनेकदा बदललेली असते. भिंतीवर टांगलेल्या राउटरचेही तसेच आहे. हा बदल ‘अद्ययावतीकरण’ या नावाने, पुष्कळदा रात्रीतून आणि न विचारता होतो.

खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या खंडाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका महाविद्यालयांना ‘एसआरपीडी’ या सुरक्षित दूरस्थ वितरण पद्धतीने, इंटरनेटद्वारे मिळतात. परीक्षेच्या सकाळी संगणक नवी आवृत्ती बसवीत थांबला किंवा राउटर बंद पडला, तर त्याचा थेट परिणाम परीक्षागृहात बसलेल्या विद्यार्थ्यांवर होतो. विद्यार्थ्याचे नाव, गावाचे नाव, सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज हे सारे आता मराठीत आणि संगणकावर आहे. अक्षर चुकीचे उमटले किंवा शोधात सापडले नाही, तर त्याची किंमत माणसाला मोजावी लागते.

असे असूनही अद्ययावतीकरणाच्या चाचणीचा विचार संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातील एका प्रकरणापुरता मर्यादित राहिला आहे. प्रस्तुत लेखात या चाचणीकडे एक निर्णयपद्धती म्हणून पाहिले आहे. कोणत्याही निर्णयपद्धतीला विचारावयाचा पहिला प्रश्न असा : बरोबर काय आणि चूक काय, हे कोणी ठरविले?

२. स्वयंचलित चाचणीचे स्वरूप

स्वयंचलित चाचणीची रचना मुळात साधी आहे. कार्यक्रमाला ठराविक माहिती द्यावयाची, त्याने दिलेले उत्तर घ्यावयाचे आणि आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी ते ताडून पाहावयाचे. दोन्ही जुळली तर चाचणी उत्तीर्ण, न जुळल्यास अनुत्तीर्ण. यंत्राचे सामर्थ्य पुनरावृत्तीत आहे. माणूस दिवसभरात ज्या शंभर गोष्टी तपासील, त्या यंत्र काही क्षणांत तपासते आणि शंभराव्या तपासणीतही कंटाळत नाही.

कार्यप्रणालींच्या बाबतीत या चाचणीचे अनेक प्रकार विकसित झाले आहेत. लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमध्ये कार्यप्रणालीच्या गाभ्याला एकेक आज्ञा देऊन तिचे उत्तर तपासले जाते. गूगलने विकसित केलेल्या सिझकॉलरमध्ये गाभ्यावर यादृच्छिक आज्ञांचा भडिमार करून तो कोठे कोसळतो हे पाहिले जाते. सुसे या कंपनीच्या पुढाकाराने तयार झालेली आणि फेडोरा प्रकल्पातही वापरली जाणारी ‘ओपनक्यूए’ ही पद्धती संपूर्ण कार्यप्रणाली आभासी संगणकावर बसविते, कळा दाबते आणि पडद्याच्या चित्राची नमुना-चित्राशी तुलना करते. या नमुना-चित्रांना तेथे ‘सुया’ म्हणतात. पडद्याच्या गंजीत सुई सापडली की ती पायरी उत्तीर्ण.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. जुळणी करण्यासाठी आधी काहीतरी लिहून किंवा टिपून ठेवलेले असते. सिझकॉलरसारख्या पद्धतीतही ‘कोसळू नये’ एवढी किमान अपेक्षा गृहीत असते. चाचणीने दोषाचे अस्तित्व दाखविता येते, दोषाचा अभाव सिद्ध करता येत नाही, हे एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारासच सांगितले होते. या मर्यादेची एक दुसरी बाजू आहे, तिची चर्चा त्या मानाने कमी होते. चाचणीत सापडणारा दोषदेखील कोणाच्या तरी कल्पनेत आधी यावा लागतो. ज्या परिस्थितीची कल्पना कोणी केली नाही, तिच्यासाठी चाचणी लिहिली जात नाही. आणि जी चाचणी लिहिली गेली नाही, ती कधी अनुत्तीर्णही होत नाही. म्हणून अहवालातील ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ हे वाक्य ‘लिहिलेल्या सर्व चाचण्या उत्तीर्ण’ असे वाचावयास हवे.

३. एकविसावी नोंद : जुलै २०२४ चा बिघाड

या विधानाचा सर्वांत मोठा दाखला १९ जुलै २०२४ रोजी मिळाला. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपल्या विंडोजवरील सुरक्षाप्रणालीसाठी एक छोटी माहिती-फाइल प्रसृत केली. ती १० वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे सव्वा तासाच्या आसपास मागे घेण्यात आली. तेवढ्या अवधीत जगभरातील विंडोजचे संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या ८५ लाख होती. बँका, रुग्णालये व विमानसेवा यांना फटका बसला. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कारणमीमांसेतून पुढील तपशील समजतो. संबंधित माहितीच्या साच्यात २१ नोंदी अपेक्षित होत्या. तो साचा वाचणाऱ्या कार्यक्रमाला प्रत्यक्षात २० नोंदीच पुरविल्या जात होत्या. ही तफावत फेब्रुवारी २०२४ पासून अस्तित्वात होती. मार्च व एप्रिलमध्ये याच साच्याच्या फाइली प्रसृत होऊनही काही बिघडले नाही. कारण चाचणीत आणि त्या सुरुवातीच्या फाइलींतही एकविसाव्या नोंदीच्या जागी ‘काहीही चालेल’ या अर्थाचे चिन्ह होते. त्यामुळे ती नोंद तपासण्याची वेळच आली नाही. १९ जुलैच्या फाइलीत त्या जागी प्रथमच निश्चित निकष आला. कार्यक्रमाने अस्तित्वात नसलेली एकविसावी नोंद वाचण्याचा प्रयत्न केला आणि तो कार्यप्रणालीच्या गाभ्याशी जोडलेला असल्याने संपूर्ण संगणक कोसळला.

येथे चाचणी झाली नव्हती, असे म्हणता येत नाही. चाचण्या झाल्या आणि त्या उत्तीर्णही झाल्या. फाइलीची तपासणी करणारा स्वतंत्र कार्यक्रमही होता. परंतु २१ नोंदी पुरविल्या जातात, हे त्याचेही गृहीतक होते. परीक्षक आणि परीक्षार्थी यांनी एकाच चुकीच्या पुस्तकावरून अभ्यास केला असेल, तर उत्तरपत्रिकेवर पूर्ण गुण पडतात, त्यातलाच हा प्रकार. शिवाय फाइल एकाच वेळी सर्वत्र पाठविण्यात आली. ती टप्प्याटप्प्याने पाठविली असती, तर हानी पहिल्या टप्प्यापुरती मर्यादित राहिली असती. ही सुधारणा कंपनीने नंतर स्वीकारली.

ऑक्टोबर २०१८ मधील विंडोज १० च्या अद्ययावतीकरणाचे उदाहरण याला पूरक आहे. त्या आवृत्तीने काही वापरकर्त्यांच्या फाइली नष्ट केल्याने मायक्रोसॉफ्टला तिचे वितरण थांबवावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा सुरू करण्यात आले. पूर्वप्रकाशन आवृत्ती वापरणाऱ्यांपैकी काहींनी ही तक्रार आधीच नोंदविली होती. असंख्य तक्रारींत ती मागे पडली. म्हणजे दोष माणसाला दिसला होता. त्याचे म्हणणे चाचणीच्या यादीपर्यंत पोहोचले नाही. ज्याची तक्रार इंग्रजीतही नसते आणि जो नमुना-गटातही नसतो, त्याचे म्हणणे कितपत पोहोचत असेल, हा प्रश्न येथून पुढे येतो.

४. मराठी लिपी : एकमेकींना न दिसणाऱ्या दोन चाचण्या

मराठी वाचकाला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत हे सांगावे लागत नाही. एक समुद्र आहे, दुसरे डोंगरांमधले खोलगट भाग. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील फरक तर मानाच्या पंक्तीचा आणि स्वयंपाकघराचा आहे. सातारा जिल्ह्यातील कराड या गावाचे नाव ‘कऱ्हाड’ असेही लिहिले जाते. शेजारच्या पुरंदरमधून कऱ्हा नदी वाहते. गोऱ्हे, बऱ्हाटे, कुऱ्हाडे ही आडनावे नित्याची आहेत. अर्ध्या ‘र’चे हे आडवे रूप मराठीची खूण आहे आणि हिंदीच्या नित्य लेखनात त्याची गरज पडत नाही.

युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत हे रूप लिहिण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत. पहिल्या मार्गात ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण (वर्णांक ०९३१) आणि त्यापुढे हलन्त चिन्ह येते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचा अदृश्य जोडवर्ण येतो. हा दुसरा मार्ग युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी मान्य करण्यात आला. पडद्यावर दोहोंचे चित्र सारखेच उमटते. आत मात्र ‘कऱ्हाड’ हा शब्द पहिल्या मार्गाने सहा वर्णांकांचा आणि दुसऱ्याने सात वर्णांकांचा होतो. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनी हे दोन लेखनक्रम एक होत नाहीत. एका कारकुनाने एका पद्धतीने नोंदविलेले गाव दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर साधी तुलना करणारा संगणक ‘नोंद आढळली नाही’ असे उत्तर देतो.

यावर अदृश्य जोडवर्ण शोधाच्या वेळी दुर्लक्षित करावा, असा उपाय सुचतो आणि युनिकोडच्या सर्वसाधारण क्रमवारी-नियमांत तो दुर्लक्षणीयच मानला आहे. परंतु तसे केल्यास दुसऱ्या मार्गाने लिहिलेला ‘दऱ्या’ आणि साधा ‘दर्या’ हे एकच शब्द ठरतात. एका बाजूने एकच शब्द दोन होतो, दुसऱ्या बाजूने दोन शब्द एक होतात. यांतून योग्य मार्ग काढण्यासाठी संगणकाच्या ज्ञानाइतकेच मराठीचे ज्ञान लागते.

आता स्वयंचलित चाचणी येथे काय करील ते पाहावे. ओपनक्यूएसारखी चित्रतुलना करणारी चाचणी दोन्ही लेखनक्रमांना उत्तीर्ण ठरवील, कारण चित्र एकच आहे. शोधातील दोष तिला दिसणार नाही. वर्णांकांची तुलना करणारी चाचणी साठविलेला शब्द जसाच्या तसा परत मिळाला म्हणून उत्तीर्ण ठरवील. पडद्यावर अक्षर फुटले असेल किंवा ठिपक्यांचे वर्तुळ आले असेल, तर ते तिला दिसणार नाही. एक चाचणी रूप पाहते, दुसरी संकेत पाहते. वाचक शब्द पाहतो. रूप, संकेत आणि शब्द या तिन्हींचा मेळ तपासणारी चाचणी कोणीतरी मराठी जाणणाऱ्यानेच लिहावी लागते.

क्रमवारीचीही स्थिती अशीच आहे. पारंपरिक मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो. युनिकोडमध्ये त्याचा वर्णांक ‘ल’ ला लागून आहे. वर्णांकांनुसार लावलेली यादी संगणकाच्या दृष्टीने निर्दोष, शब्दकोशाच्या दृष्टीने सदोष असते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये, समाविष्ट झाले. महाराष्ट्र शासनाने मराठीच्या प्रमाण वर्णमालेविषयीचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी आहेत. मजकुराची भाषा मराठी आहे हे कार्यप्रणालीने टंकाला (फॉन्टला) योग्य रीतीने कळविले, तरच ती आपोआप उमटतात. यांपैकी प्रत्येक गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडू शकते.

हा धोका काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयफोनच्या ११.२.५ या आवृत्तीत तेलुगूतील ‘ज्ञा’ या अक्षराचा एक विशिष्ट लेखनक्रम दिसताच संबंधित ॲप कोसळत असल्याचे उघड झाले. पुढील विश्लेषणात बंगाली आणि देवनागरीतील काही रकारयुक्त जोडाक्षरांनाही, विशिष्ट अदृश्य वर्ण मध्ये आल्यास, हीच बाधा होते असे आढळले. १९ फेब्रुवारीच्या ११.२.६ या आवृत्तीत दुरुस्ती झाली. कोट्यवधी लोकांच्या लिपीतील वर्णक्रम जगातील एका संपन्न कंपनीच्या चाचणीतून निसटला होता.

याच्या उलट बाजूचे कामही नोंदविले पाहिजे आणि त्यातील काही पुण्यात झाले आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले आणि पुढे रेड हॅटने मुक्त केलेले ‘लोहित’ टंक अनेक वर्षे लिनक्सवरील भारतीय भाषांचा आधार होते. रेड हॅटच्या पुणे येथील अभियंत्यांनी त्यांची देखभाल केली आणि टंकाच्या मूळ फाइलींसोबत देवनागरीच्या चाचणीसाठी शब्दसूचीही दिली. फायरफॉक्स, क्रोम व अँड्रॉइड यांत अक्षरमांडणी करणाऱ्या ‘हार्फबझ’च्या विकासकांनी २०१२ च्या सुमारास सात लाखांहून अधिक देवनागरी शब्दांवर चाचणी घेतली. या प्रचंड कामाचा गौरव करतानाच त्याचा निकषही पाहावा. तेथील तुलना मायक्रोसॉफ्टच्या मांडणी-यंत्रणेशी होती. म्हणजे एका यंत्राचे उत्तर दुसऱ्या यंत्राशी जुळते की नाही, हे पाहिले गेले. ते व्यवहारतः उपयुक्त ठरले. तथापि मराठी लेखनपरंपरेचा निकष यंत्राच्या सवयीत शोधावा लागणे, ही मराठीच्या अभ्यासकांनी विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

५. राउटरचे फर्मवेअर : प्रयोगशाळेबाहेरची परीक्षा

लिपीचा प्रश्न पडद्यावर तरी दिसतो. राउटरचा प्रश्न दिसतही नाही. राउटर हा वस्तुतः एक छोटा संगणक आहे. त्यात कार्यप्रणाली असते आणि तिला फर्मवेअर म्हणतात. लिंक्सिसच्या एका राउटरची लिनक्सवर आधारित आज्ञावली २००३ मध्ये खुली झाली, त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा मुक्त प्रकल्प उभा राहिला आणि राउटरच्या आत काय चालते हे विद्यार्थ्यांनाही पाहता येऊ लागले.

राउटर अद्ययावत न करण्याचे परिणाम सर्वश्रुत आहेत. २०१६ मध्ये ‘मिराई’ने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड न बदललेली उपकरणे ताब्यात घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्या एका उपप्रकाराच्या हल्ल्याने जर्मनीतील डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली. जुलै २०१७ मध्ये भारतात बीएसएनएलच्या अनेक ग्राहकांचे मोडेम अशाच हल्ल्याने निकामी झाले आणि मूळ पासवर्ड बदलण्याचे आवाहन कंपनीला करावे लागले. ग्रामीण भागात तारेवरचे इंटरनेट म्हणजे प्रामुख्याने बीएसएनएल, असा तो काळ होता.

म्हणून फर्मवेअर अद्ययावत करणे आवश्यक ठरते. परंतु त्याची चाचणी कार्यप्रणालीच्या चाचणीपेक्षा अवघड आहे. संगणकाची कार्यप्रणाली आभासी यंत्रावर तपासता येते. राउटरमध्ये रेडिओलहरींचे प्रत्यक्ष यंत्र असते आणि ते आभासी स्वरूपात पूर्णपणे उभे करता येत नाही. त्यासाठी लहरी अडविणारी धातूची पेटी, संदेश क्षीण करणारी साधने आणि दूरस्थपणे वीज बंद-चालू करणारे रिले लागतात. अशा पेटीत उत्तीर्ण झालेले फर्मवेअर गावातील दगडी भिंतींच्या इमारतीत, शेजारच्या दहा राउटरच्या गलबल्यात कसे वागेल, हे त्या पेटीवरून पूर्णपणे सांगता येत नाही.

विजेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. नवे फर्मवेअर राउटरच्या स्मृतीत लिहिले जात असताना वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली आज्ञावली सुरूच होत नाही. महागड्या उपकरणांत दोन स्वतंत्र कप्पे असतात. जुनी आवृत्ती एका कप्प्यात सुरक्षित ठेवून नवी दुसऱ्यात लिहिली जाते आणि ती न चालल्यास उपकरण आपोआप जुनीकडे परतते. घरगुती स्वस्त राउटरमध्ये पुष्कळदा एकाच आवृत्तीपुरती जागा असते. अखंड वीजपुरवठा गृहीत धरणाऱ्या शहरात ही उणीव क्वचितच जाणवते. पावसाळ्यात वीज जाणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांच्यासाठी तीच मुख्य परीक्षा असते. लिहिण्याच्या प्रत्येक टप्प्यावर मुद्दाम वीज तोडून पाहणारी चाचणी तंत्रदृष्ट्या शक्य आहे. एक रिले आणि थोडा संयम एवढेच तिला लागते. तिची गरज मात्र ज्याची वीज जाते त्यालाच प्रथम सुचते.

शासकीय पातळीवर काही पावले पडली आहेत. दूरसंचार उपकरणांच्या सक्तीच्या चाचणी व प्रमाणनाची तरतूद २०१७ च्या नियमांनी झाली आणि बंगळूरु येथील राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्र वाय-फाय उपकरणांसह विविध साधनांच्या सुरक्षाविषयक अपेक्षा निश्चित करते. हे स्वागतार्ह आहे. तरीही कोणतेही प्रमाणपत्र सादर केलेल्या नमुन्याचे आणि त्या वेळच्या आवृत्तीचे असते; उपकरण पुढे अनेक वर्षे भिंतीवर राहते. उत्पादकाने दुरुस्त्या देणे थांबविल्यानंतर चाचणीचा प्रश्नच संपतो, कारण चाचणी घ्यावी असे नवे काही येतच नाही.

६. काही आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, स्वयंचलित चाचणीला पर्याय नाही. लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारणतः नऊ-दहा आठवड्यांनी येते. एवढा बदल हाताने तपासणे अशक्य आहे. हा आक्षेप रास्त आहे. प्रस्तुत लेखाचा रोख यंत्रावर नाही. यंत्राला दिलेल्या यादीच्या अपुरेपणावर आहे आणि यादी वाढविणे हाच त्यावरील उपाय आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. अद्ययावतीकरणात इतके धोके असतील, तर ते बंद करून ठेवणेच बरे, असा सल्ला कार्यालयांतून सर्रास दिला जातो. २०१७ चा अनुभव या सल्ल्याच्या विरुद्ध आहे. विंडोजमधील एका दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने ती न बसविलेल्या संगणकांना गाठले. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’चा प्रसार झाला. तिचा तडाखा मर्स्क या जहाजकंपनीला आणि पर्यायाने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनललाही बसला. ‘नॉटपेट्या’चा मूळ शिरकाव मात्र युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातूनच झाला होता. एकाच प्रकरणात अद्ययावतीकरण न करणारेही बळी पडले आणि करणारेही. तेव्हा ‘करावे की न करावे’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणी तपासलेले, कोणत्या निकषावर तपासलेले आणि बिघडल्यास मागे फिरता येईल असे आहे का, हे प्रश्न त्याच्या जागी यावयास हवेत.

७. महाविद्यालयांची भूमिका

अपेक्षित निकाल लिहिणे हे भाषाज्ञानाचे आणि परिस्थितिज्ञानाचे काम असेल, तर त्यात महाविद्यालयांना वाटा उचलता येईल. मराठी विभागाने चाचणीयोग्य शब्दांच्या जोड्या सिद्ध कराव्यात : अर्ध्या ‘र’चे दोन्ही प्रकार, ‘ळ’ची क्रमवारी, ‘ॲ’ आणि ‘ऑ’, दुर्मीळ जोडाक्षरे, परिसरातील गावे व आडनावे. प्रत्येक शब्दासमोर अपेक्षित रूप, अपेक्षित क्रम आणि कोणत्या शब्दाशी त्याची गल्लत होता कामा नये, हे नोंदवावे. संगणकशास्त्र विभागाने त्या सूचीचे चाचणीत रूपांतर करून ती मुक्त प्रकल्पांकडे पाठवावी. असे योगदान स्वीकारण्याची व्यवस्था या प्रकल्पांत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या ग्रंथालय-व्यवस्थापनाच्या प्रकल्पांपेक्षा हे काम कमी दर्जाचे ठरणार नाही.

दुसरे काम प्रशासनाचे आहे. परीक्षेच्या काळात प्रश्नपत्रिका घेणाऱ्या संगणकाचे व राउटरचे अद्ययावतीकरण परीक्षा सुरू होण्यापूर्वीच पूर्ण करून, परीक्षा संपेपर्यंत पुढे ढकलावे. नवी आवृत्ती आधी एका संगणकावर बसवावी आणि काही दिवसांनी इतरांवर. राउटर विकत घेताना वेगाबरोबरच दुरुस्त्या किती वर्षे मिळणार आणि अर्धवट अद्ययावतीकरणातून तो सावरतो का, हे विचारावे. फर्मवेअर लिहिले जात असताना राउटर यूपीएसवर असावा. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्या आवृत्तीवर चालणारे संगणक कोणते, याची नोंद प्रत्येक प्रयोगशाळेत असावी.

८. निष्कर्ष

स्वयंचलित चाचणीचा निकाल निकषाइतकाच विश्वासार्ह असतो. जुलै २०२४ च्या प्रकरणात निकष लिहिणाऱ्यांचे गृहीतकच चुकले. देवनागरीच्या उदाहरणात निकष रूप आणि संकेत यांत विभागला गेला व शब्द मधल्यामध्ये राहिला. राउटरच्या बाबतीत विजेची अनिश्चितता प्रयोगशाळेच्या निकषात सहज येत नाही. तिन्ही ठिकाणी यंत्राने आपले काम चोख केले. त्याला जे विचारले, तेच त्याने तपासले.

प्रमाणलेखनाच्या चर्चेत मराठीच्या अभ्यासकांनी आजवर शब्दकोश, नियमावल्या आणि शासननिर्णय यांकडे लक्ष दिले आहे. त्यांच्या जोडीला आता चाचणीच्या याद्यांकडेही लक्ष द्यावे लागेल. कऱ्हाडचा विद्यार्थी आपल्या गावाचे नाव यादीत शोधतो, तेव्हा ते सापडेल की नाही हे कार्यप्रणालीसोबत आलेला वीस-पंचवीस ओळींचा एखादा चाचणी-कार्यक्रम ठरवीत असतो. त्या ओळींत मराठी शब्द असावा यासाठी तो कोणीतरी लिहून पाठवावा लागेल, आणि तसे लिहिण्याची पात्रता असलेले लोक महाविद्यालयांच्या अध्यापक-कक्षांत आहेत.